अग्निमणी आणि न थांबणारा पाऊस

एका राज्यात, जिथे पूर्वेला उंच डोंगर आणि पश्चिमेला अथांग सागर, तिथे एकदा पाऊस लागला तो थांबेचना. नद्या शिवारे गिळून कोटाला भिडल्या. प्रजा गडावर दाटीवाटीने बसली, आणि पाणी पायरीमागून पायरी चढू लागले. राजा सत्यध्वज महालाबाहेर येईना. त्याची कन्या इंदुलेखा तटावरून चढते पाणी पाही.

तेव्हा एक समुद्रघार तटावर येऊन बसली आणि म्हणाली, "राजकन्ये, वाऱ्याला विचार, डोंगराला विचार, सागराला विचार. तिघांचे ऐकल्यावाचून परतू नकोस."

इंदुलेखा नावेत बसून निघाली. तिने वाऱ्याला हात जोडले. "पवनदेवा, हे ढग आणू नका."

वारा म्हणाला, "सागर देतो ती वाफ मी वाहतो. पूर्वी तो बेताने देई. आता ओझ्याने माझी पाठ वाकली."

मग तिने डोंगराला विनवले, "पर्वतराज, ढगांना पलीकडे जाऊ द्या."

"ते माझ्या अंगावर चढतात, गारठतात आणि तिथेच रिते होतात," डोंगर म्हणाला. "मी कुठे सरकू?"

शेवटी ती सागराशी आली. पाण्यात हात घातला, तो पाणी कढत.

"सागरा, तू का तापलास?"

"माझ्या तळाशी अग्निमणी आहे. तुझ्या पित्याने तो मांत्रिक कालभद्राकडून लुटला आणि इथे दडवला. ज्याने दडवला, त्याच्याच हाताने तो निघेल, असा कालभद्राचा शाप आहे."

ती परतली तेव्हा पाणी महाद्वाराशी आले होते.

"तात, मणी तुम्हीच काढायला हवा."

राजाने आपल्या तळव्यांकडे पाहिले. "हात जळतील, इंदुलेखे."

"जळतील," ती म्हणाली. "पण नाहीतर गडावरची माणसे बुडतील."

राजाने मुकुट उतरवला, कमरेला दोर बांधला आणि भर समुद्रात जाऊन नावेतून उडी घेतली. नावेत दोर धरून इंदुलेखा बसली. दोर सैल पडला. वाफेत काही दिसेना. तिने 'तात, तात' अशा हाका मारल्या. मग दोराला हिसका बसला. तिने जीव खाऊन ओढले. राजा वर आला. मणी धगधगत होता, आणि तळवे कोळशासारखे झाले होते.

मणी निघाल्याचे जाणून कालभद्र किनाऱ्यावर येऊन उभा होता. राजा त्याच्यापुढे वाकला आणि मणी त्याच्या ओंजळीत ठेवला. तिथे तो विझून काळा पडला.

"शाप सरला," कालभद्र म्हणाला.

सागर निवला, वारा हलका झाला, आणि भर दुपारी ऊन पडले. पाणी पायऱ्या उतरून गेले. राजाला पुन्हा तलवार धरता आली नाही. इंदुलेखा त्याला आपल्या हाताने घास भरवी, आणि त्या राज्यात पाऊस ऋतूत येई, ऋतूत जाई.