उपाशी कोणी नाही!

राजा अजयपालाला हुक्की आली. राज्यात कोणी उपाशी आहे का, याचा अहवाल हवा!

प्रधानाने विचारले, "महाराज, कुठे पाहू? कधी पाहू?"

"भोजनशाळेपासून मुदपाकखान्यापर्यंत पाहा. दुपारची पंगत उठली की लगेच!"

प्रधानाने हुकुमाबरहुकूम पाहिले आणि अहवाल दिला, 'कोणीही उपाशी नाही.' राजा खूश! दरबारात हे सगळे ऐकत उभ्या असलेल्या धोंडू दवंडीवाल्याला लगेच पाठवले.

भर बाजारात धोंडूने हलगी वाजवून अहवाल सांगितला. लोक पोट धरधरून हसले. पोट धरायला तेवढेच निमित्त! "धादांत खोटं!" कोणीतरी ओरडले.

ही बातमी कळताच राजा लालबुंद झाला. "धोंडू, उद्या पुन्हा दवंडी दे. अहवालातला एक शब्द बदलायचा नाही. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानेही हसायचं नाही, खोटं म्हणायचं नाही. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालू लाग!"

धोंडू तोंड पाडून घरी आला. त्याची लेक ठकू चूल फुंकत होती. तिने सगळे खोदून खोदून विचारले. प्रधान काय म्हणाला? महाराज काय म्हणाले? मग म्हणाली, "बाबा, उद्या हलगी तुम्ही वाजवा. बोलते मी."

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः बाजारासमोरच्या सज्जात येऊन बसला. हलगी कडाडली. ठकूचा आवाज खणखणला,

"ऐका हो ऐका! महाराजांनी निवडलेली जागा: भोजनशाळेपासून मुदपाकखान्यापर्यंत! महाराजांनी निवडलेली वेळ: दुपारची पंगत उठल्याबरोबर! आता अहवाल: कोणीही उपाशी नाही!"

कोणी हसले नाही. भाजीवाल्या म्हातारीने तर मान डोलावली. "खरं आहे गं बाई. तिथं कोण उपाशी असणार?"

राजाने ठकूला वर बोलावले. "पोरी, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!"

"महाराज, अहवालातला शब्द बदलला?"

"नाही."

"कोणी हसलं?"

"...नाही."

"कोणी खोटं म्हटलं?"

"नाही गं! पण ते वरचं कशाला सांगितलंस?"

"अहवालाला मथळा नव्हता, महाराज. मी आपल्याच शब्दांचा घातला. त्यात लाजण्यासारखं काही होतं का?"

राजा 'हो' म्हणायला गेला आणि अडला. 'नाही' म्हणायला गेला, पुन्हा अडला. प्रधान खाली मान घालून पागोटे सावरू लागला. शेवटी राजालाच हसू फुटले. इतके, की डोळ्यांत पाणी आले!

"हरलो बाई! माग, काय हवं ते माग!"

"पुढच्या अहवालाची जागा आणि वेळ मला निवडू द्या."

"दिली! बोल, कुठून कुठपर्यंत?"

"आपल्या धान्यकोठारापासून आमच्या वस्तीतल्या शेवटच्या चुलीपर्यंत."

"आणि वेळ?"

"आज संध्याकाळी. पण महाराज, अहवाल कालचाच आला पाहिजे हं!"

राजा पुन्हा खदखदून हसला. "प्रधानजी, बघता काय? कोठार उघडा, गाड्या जुंपा! संध्याकाळ व्हायला फार वेळ नाही!"