डावी बाजू वर

एकदा एक वृद्ध शिक्षक आपल्या तीन विद्यार्थ्यांसह क्योतो नगरी पाहण्यास गेले. पुण्यात त्यांनी अडतीस वर्षे जपानी भाषा शिकवली होती. पुष्कर, मंजिरी आणि कस्तुरी हे तिघे एकमेकांचे जुने मित्र होते. विद्यार्थी म्हटले तरी तिघांनीही तिशी ओलांडली होती.

एक दिवस किमोनो घालून शहर पाहावे, ही कल्पना मंजिरीची. पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या बाईने चौघांनाही नीट नेसवून दिले, कमरेला पट्टे आवळले आणि पायांत लाकडी तळाच्या चपला दिल्या. बाहेर पडताच पुष्करने नेहमीची ढांग टाकली आणि तो पडता पडता वाचला.

"अरे, जरा बेताने!" मंजिरी हसली. "लग्नात शालू नेसून चालताना आमचं काय होतं, ते आता तुला कळेल."

"सर बघ कसे चालताहेत," पुष्कर म्हणाला. "जन्मले तेच किमोनोत, असं वाटतंय."

ते खरेच होते. शिक्षकांची पावले लहान होती, पाठ ताठ होती आणि प्रत्येक वळणावर सांगण्यासारखे काहीतरी त्यांच्यापाशी होते. कस्तुरी मात्र सकाळपासून गप्प होती. ओसाकाजवळच्या एका कारखान्यात नाशिकचे बारा तरुण यंत्रावरचे काम शिकण्यासाठी येणार होते. तिथला प्रशिक्षक आणि ते तरुण यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभे राहण्यासाठी कस्तुरीला बोलावणे आले होते, आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी सहाच्या आत कळवायचे होते. अशी संधी तिने याआधी दोनदा नाकारली होती. दोन्ही वेळा कारण एकच दिले होते : माझी अजून तयारी झालेली नाही. वास्तविक वर्गात तिच्याइतकी भाषा कुणालाच येत नव्हती.

दुपारी एका देवळाच्या आवारात शिक्षक हातपाय धुण्यासाठी आत गेले. उकाडा होता. त्यांनी किमोनो सैल केला आणि पुन्हा नीट बांधला. समोर आरसा होता आणि शेजारच्या भिंतीवर किमोनो घातलेल्या पुरुषाचे चित्र होते. आरशातले आपले प्रतिबिंब त्या चित्राशी तंतोतंत जुळवून, समाधानाने ते बाहेर आले.

कस्तुरीने त्यांच्याकडे पाहिले आणि ती चपापली. किमोनोच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींवर घेऊन बांधतात आणि त्यांतली डावी नेहमी उजवीवर येते. उजवी बाजू वर घेतात ती केवळ मृताला निरोपाचा वेष चढवताना. आपल्याकडे श्राद्धाला जानवे अपसव्य करतात, तसा हा प्रकार. वर्गात हे शिक्षकांनीच समजावून सांगितले होते. आणि आता त्यांच्याच अंगावर उजवी बाजू वर होती.

तिने तोंड उघडले आणि मिटले.

पुढचे दोन तास चौघे हिंडत राहिले. नदीवरचा पूल झाला, बांबूच्या टोपल्यांचा बाजार झाला. समोरून येणारे काही लोक शिक्षकांकडे पाहत आणि पटकन नजर वळवत. एका बाकावर ते टेकले, तेव्हा शेजारी बसलेले गृहस्थ उठून निघून गेले. पुष्कर आणि मंजिरी छायाचित्रे काढण्यात गर्क होते. कस्तुरीला सगळे दिसत होते. दर खेपेस ती मनाशी म्हणे, आता सांगावे. आणि दर खेपेस थांबे.

अखेर लोणच्याच्या एका दुकानापुढे झाडणारी म्हातारी खराटा ठेवून जवळ आली. ती कमरेत वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "क्षमा करा हं. पाहुण्यांना हे कसं ठाऊक असणार? पण ही बाजू उलटी झाली आहे. मी सरळ करून देऊ का?"

शिक्षकांनी खाली पाहिले. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी हात बाजूला केले आणि म्हातारीने तिथेच, दुकानाच्या आडोशाला, त्यांचा किमोनो नीट करून दिला. एवढ्यावर प्रसंग मिटला असता. परंतु शिक्षक तिला वाकून म्हणाले, "आजी, मी नुसता पाहुणा नाही. अडतीस वर्षं मी तुमची भाषा शिकवतो. हा रिवाजही शिकवतो. मला हे ठाऊक असायलाच हवं होतं."

पुष्करने कपाळावर हात मारला.

म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि ती खुदकन हसली. "अडतीस वर्षं? मग बरंच झालं की! आता तुमच्या हाताखाली शिकलेलं कुणीही हे विसरणार नाही."

ते पुढे निघाले. थोडे अंतर जाताच पुष्करला राहवेना. "सर, म्हणजे दुपारपासून आम्ही एका मयताबरोबर फिरत होतो?"

"आणि वाट तोच दाखवत होता," शिक्षक म्हणाले. "जिवंतांपैकी एकालाही नकाशा वाचता येत नव्हता."

"पण सर," मंजिरी म्हणाली, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? आम्हाला काहीतरी शिकवायचं म्हणून?"

"गोष्टीतले गुरू मुद्दाम करतात, मंजिरी. मी खरोखरच चुकलो. आरशात डाव्याचं उजवं होतं, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही."

"मग तिला कशाला सांगितलंत शिक्षक आहात म्हणून?" पुष्कर म्हणाला. "पाहुणा समजून तिने सोडूनच दिलं होतं की."

"म्हणूनच सांगितलं. पाहुण्याची चूक लोक हसून माफ करतात. ती माफी घेऊन मी निघालो असतो, तर चूक त्या पाहुण्याची राहिली असती आणि शिक्षक होता तिथेच राहिला असता. चूक माझी होती. ती माझ्या नावावर घेतल्याशिवाय मला काय शिकवणार?"

कस्तुरी मागेच थांबली होती. तिघांनी वळून पाहिले, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"सर, मला दिसलं होतं. तुम्ही देवळातून बाहेर आलात तेव्हाच."

"आणि तू बोलली नाहीस?" मंजिरी जवळजवळ ओरडली. "अगं, दोन तास!"

"वाटलं, सर चुकणारच नाहीत. माझंच चुकत असेल. पुरुषांची पद्धत वेगळी असेल. सगळ्यांसमोर बोलले असते आणि खोटी ठरले असते तर..." तिने डोळे पुसले. "म्हणूनच मी त्या कारखान्याला 'नाही' असंच कळवणार आहे, सर. जिला एवढं सांगता येत नाही, ती यंत्रापाशी काय उभी राहणार?"

शिक्षक नदीकाठच्या दगडी कठड्यावर बसले. मग म्हणाले :

"कस्तुरी, आज चौघांत एकटीलाच दिसलं, ते तुला. म्हणजे तुझी तयारी कधीच झालेली आहे. उणीव ज्ञानाची नाही. ते ज्ञान तू सोवळ्यात ठेवलं आहेस. कुणाचा हात लागू नये, कधी विटाळू नये म्हणून. तुला ही नम्रता वाटते. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. पण त्याच्या तळाशी अभिमान असतो. मी कधी चुकलेलं कुणाला दिसू नये, हा अभिमान. मी चुकलो आणि हसं झालं माझं एकट्याचं. उद्या प्रशिक्षक एखादी कळ चुकीची सांगेल, तुला ते खटकेल आणि तू दोन तास गप्प राहशील, तर हात जाईल तो नाशिकच्या मुलाचा. शंका आली की विचारावं. खोटे ठरलो, तर 'माफ करा' म्हणावं. या देशात त्यासाठी किती तऱ्हेचे शब्द आहेत, ते सगळे मी तुला शिकवले आहेत. आता ते वापरायचे कधी?"

पावणेसहा वाजले होते. थोडी दूर जाऊन कस्तुरीने कारखान्यात फोन लावला.

तिघांना तिचा आवाज ऐकू येत होता. पहिल्याच वाक्यात आदरार्थी रूप चुकले. ती अडखळली, क्षमा मागून तिने वाक्य पुन्हा म्हटले आणि पुढे गेली. आपण काम स्वीकारत असल्याचे तिने सांगितले. पलीकडच्या अधिकाऱ्याने आभार मानले. "सोमवार, चौदा तारीख, सकाळी आठ वाजता या," तो म्हणाला.

कस्तुरी थांबली. तिने शिक्षकांकडे पाहिले. ते नदीकडे पाहत होते.

"माफ करा," ती म्हणाली. "माझी समजूत चुकीची असू शकेल. पण चौदा तारखेला मंगळवार आहे ना? मी सोमवारी यायचं, की चौदाला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग कुणीतरी मनमोकळे हसले.

"खरंच की! सोमवारीच, तेरा तारखेला. मुलं त्याच दिवशी कामाला लागतील. बरं झालं विचारलंत."

फोन ठेवून ती तिघांकडे परत आली. शिक्षक कठड्यावर किंचित सरकले आणि त्यांनी तिला शेजारी बसायला जागा करून दिली.