रेवा वानरीची झोप

फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर वणवा पेटला आणि कितीतरी प्राणी भाजले. रेवा वानरीला झाडपाल्याची माहिती होती. महिनाभर ती पाला वाटून सगळ्यांना लेप लावत राहिली.

एके सकाळी सशाने विचारलं, "रेवाताई, माझा लेप कधी?" तर ती त्याच्यावर खेकसली.

"हिला आता गर्व झालाय," प्राणी कुजबुजू लागले.

म्हातारी अस्वलीण मात्र तिच्याजवळ जाऊन बसली. "बाई गं, तुला झोप लागते का?"

रेवाने हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाली, "डोळे मिटले की भेकराचं पिल्लू दिसतं. माझ्याच मांडीवर गेलं ते. मला पाला आणायला उशीर तर झाला नाही ना, हेच मनात येत राहतं."

अस्वलिणीने तिला समजावलं नाही, नुसतं कुशीत घेतलं. रेवा पोटभर रडली.

"आज पाला मी वाटते," अस्वलीण म्हणाली. "तू वर जाऊन पड."

अस्वलिणीने वाटलेला पाला जाडाभरडा होता. लेप फार झोंबला, पण एकाही प्राण्याने हूं की चूं केलं नाही. वरच्या फांदीवर रेवा गाढ झोपली होती.