राजेसाहेबांनी स्वतः निवडलेली थीम

"माझं सिंहासन अर्धंच कसं दिसतंय?" मोरणगडचे उदाजीराजे कॉम्प्युटरकडे बघून गरजले. "उरलेलं कुठं गेलं?"

"हंसाखाली गेलं, सरकार," सुगंधा म्हणाली.

राज्य कधीच गेलं होतं, राजेपणा मात्र जागेवर होता. राजवाड्याच्या दहा खोल्या पाहुण्यांसाठी उघडायच्या ठरल्या, म्हणून वेबसाइट हवी झाली. ती बनवायचं काम सुगंधाकडे आलं. शिदबा वाढप्याची ही लेक. तीन पिढ्या त्या घरानं राजवाड्याच्या पंगतीत वाकून वाढलं. खुर्चीत बसून काम करणारी ही पहिलीच.

मजकूर, फोटो, बटणं माउसनं उचलून हवी तिथं मांडायची, अशी एक सोय असते. तिला पेज बिल्डर म्हणतात. सुगंधाचं सगळं काम त्यावर. पण त्या मांडणीच्या खाली पानाचा मूळ साचा लागतो, ती थीम. आणि थीम निवडली होती दिवाणजी त्र्यंबकरावांनी! सोनेरी वेलबुट्टी, बाजूला एक रुंद पट्टा आणि चार कोपऱ्यांत चार हंस. सुगंधानं दरबाराचा फोटो पसरावा, तर पट्टा त्याला दाबी. मथळा वर न्यावा, तर हंस त्यावर बसे. फोनवर तर ते पान इतकं सावकाश उघडे, की राजांचा चहा पिऊन व्हायचा.

"दोष थीमचा नाही, सरकार," दिवाणजी म्हणाले. "ती मी निवडली आहे."

"मग दोष कुणाचा?"

"त्या पेज बिल्डरचा. आणि या पोरीचा!"

"सरकार, हे हंस थीमनंच खिळून ठेवलेत. मी कितीही..."

"बस!" राजांनी हात वर केला. "थीम, बिल्डर, कॉलम... कान किटले माझे! दिवाणजींनी चाळीस थीम जमवल्यात. उद्या दुपारच्या पंगतीत त्यातली एक निवडायची. पण कॉम्प्युटरचा एकही शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. आणि 'हेच हवं' असं मी माझ्या तोंडानं म्हटलं पाहिजे! नाही जमलं, तर खुर्ची सोडायची."

दिवाणजी मिशीत हसले. सुगंधा तडक मुदपाकखान्यात वडिलांकडे गेली.

"अण्णा, उद्या पाडव्याला पुरणपोळीच ना?"

"हो. का गं? चेहरा का उतरलाय?"

"जामदारखान्यातलं ते चांदीचं खणांचं ताट काढाल?"

"वेडी का काय! त्याला उचलायला दोन माणसं लागतात."

"मग दोन माणसं लावा, अण्णा."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. दिवाणजींचं ताट आलं, पाहुण्यांची आली. राजांपुढचा पाट रिकामाच!

"माझं ताट?"

"येतंय, सरकार," सुगंधा म्हणाली. "जरा जड आहे."

बऱ्याच वेळानं दोन गडी घामाघूम होऊन ताट घेऊन आले. नक्षीचे खण, आणि वाट्या ताटालाच पक्क्या बसवलेल्या.

"आज सरकारांनी आपल्या हातानं वाढून घ्यायचं," सुगंधा म्हणाली. "हवं ते, हवं तिथं!"

राजे खूश झाले. पोळी उचलली आणि थबकले. "ही ठेवू कुठं?"

"खणात, सरकार."

"या खणात लिंबाची फोड मावेल फार तर!" राजांनी पोळीची घडी केली, घडीची घडी केली. पुरण बाहेर आलं. कोशिंबीर उजवीकडे घ्यावी, तर तिथं जागाच नाही. शेवटी कटाची आमटी भुरकायला त्यांनी वाटी तोंडाकडे ओढली, तर अख्खं ताटच कलंडलं! भात दिवाणजींच्या मांडीवर, आमटी राजांच्या धोतरावर.

"ताट आहे का तुरुंग?" राजे ओरडले. "न्या हे! साधं ताट आणा!"

शिदबानं पितळी ताट आणलं. सपाट, बारीक काठाचं. सुट्या वाट्याही आणल्या. राजांनी पोळी ऐसपैस पसरली. कोशिंबीर इकडे ठेवली, नको वाटली, तिकडे सरकवली. तीन पोळ्या झाल्या तेव्हा कुठं ते बोलले.

"हेच हवं! उद्यापासून हेच!"

सुगंधानं आपला फोन पुढं केला. बोट लावताच पान उघडलं. दरबार या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मधोमध सिंहासन, अख्खं!

राजांनी फोन पाहिला, ताट पाहिलं, पुन्हा फोन पाहिला. "अस्सं! पण साधी तर त्या चाळिसात बरीच असतील. मग हेच का?"

"उचलायला हलकं, सरकार. काठ शाबूत, बाहेर काही सांडत नाही. आणि मोठ्या पाटावर बसतं तसं लहान चौरंगावरही बसतं."

दिवाणजी मांडीवरचा भात झटकत उसळले. "सरकार, फसवणूक आहे! ही थीम मी बघितली आहे. तिच्यात काहीसुद्धा नाही! कोरी आहे, कोरी!"

"दिवाणजी," सुगंधा शांतपणे म्हणाली, "वाढायच्या आधी तुमच्या ताटात काय होतं?"

राजे असे हसले, की त्यांना ठसका लागला. पंगतही हसली. डोळे पुसत ते उठले आणि पोळ्यांची परात त्यांनी स्वतः उचलली.

"बस पोरी, माझ्या पाटावर. खुर्ची तुझी कायमची झाली. शिदबा, तूही बस!"

"सरकार, मी? मी तर वाढपी..."

"आज वाढपी मी! दिवाणजी, बघता काय? पाणी फिरवा!"

राजांनी तिच्या ताटात पोळी वाढली, तुपाची तामली उचलली आणि विचारलं, "बोल, तूप कुठं वाढू?"

"पोळीवर, सरकार," सुगंधा म्हणाली. "या कडेपासून त्या कडेपर्यंत!"