शेगडीमागची फट

“गेली! सरकारांची पुरणपोळी गेली!”

पळसगडच्या मुदपाकखान्यात भरदुपारी बोंब उठली. पोळी शेगडीमागच्या फटीत पडली होती. त्याआधी तिथे एक पापड पडला होता, त्याआधी दोन वडे, आणि त्याच्याही आधी राणीसाहेबांचा लाडका चमचा.

शेगडी मोठी नामी होती. पलंगाएवढी, लोखंडी, चार पायांवर उभी. राणीसाहेबांच्या भावाने भेट पाठवलेली. तिची धुराची नळी पाठीमागून वर जायची, म्हणून शेगडी भिंतीला टेकेना. मध्ये चार बोटं फट राहिली आणि त्या फटीत राजे हैबतरावांचं जेवण गडप होऊ लागलं.

प्रधानजींनी फटीत काथ्या कोंबला. काथ्याने पेट घेतला! गवंड्याने चिखल भरला. मागची हवा कोंडली, भिंत तापली आणि भिंतीवर राजांच्या आऊसाहेबांनी स्वतः रंगवलेल्या अन्नपूर्णेच्या नाकाला फोड आला!

हैबतराव संतापले. थेट मुदपाकखान्यात येऊन गरजले, “चिखल काढा! आणि नीट ऐका. शेगडी हलवायची नाही. भिंतीला बोट लावायचं नाही. फट अशी बुजवा की मोहरीचा दाणा आत पडता कामा नये, आणि अशी उघडी ठेवा की वारा खेळला पाहिजे!”

“बुजवायची आणि उघडीही ठेवायची?” प्रधानजींनी चाचरत विचारलं.

“होय! परवा सासुरवाडीची मंडळी जेवायला येतायत. तोवर झालं नाही, तर बाळंभटांनी आपली पळी उचलावी आणि दुसरं गाव बघावं!”

म्हातारे बाळंभट आचारी मटकन पाटावर बसले. राजांच्या बारशाचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा होता.

“आता या वयात कुणाच्या दारात उभा राहू, सारजे?” ते भांडी घासणाऱ्या सारजाला म्हणाले.

सारजाने हातातलं भांडं खाली ठेवलं. पोरवयात ती कामाला आली तेव्हा पहिला गरम घास याच म्हाताऱ्याने तिला दिला होता. ती काही बोलणार, तोच पलीकडून ओरडा आला, “सारजे, झारा दे!” तिकडे बुंदी तळत होती. तिने झारा दिला आणि बघत राहिली. तूप खाली, बुंदी वर. तूप खाली, बुंदी वर!

“काका, रडू नका!” ती एकदम म्हणाली. “मला एक तांब्याचा पत्रा आणि बारीक खिळा मिळवून द्या.”

पाहुणे आले त्या दिवशी हैबतराव सगळा गोतावळा घेऊनच शेगडीपुढे उभे राहिले. शेगडीच्या मागच्या काठावर वाकवून अडकवलेला, धुराच्या नळीभोवती नेमका कापलेला एक लांब पत्रा झळकत होता. भिंतीकडे जरा उंच, शेगडीकडे उतरता, आणि अंगभर बारीक बारीक भोकं. भिंतीपासून मात्र केसभर अलीकडेच थांबलेला.

राजांनी मूठभर मोहरी फेकली. तडतड करत ती पत्र्यावरून घरंगळली आणि शेगडीवर परत आली! त्यांनी पत्र्यावर हात धरला. भोकांतून गरम वारा वर येत होता. भिंत गार होती. अन्नपूर्णा खुशाल होती!

पण राजे हटवादी. सासुरवाडीसमोर हार कशी मानायची? ते पत्रा ठोकणाऱ्या सारजाकडे वळले.

“काय गं, मला एकच उत्तर दे. ही फट बंद आहे की उघडी? बंद म्हणशील तर वारा येतोय. उघडी म्हणशील तर मोहरी पडत नाही. चुकलीस तर बाळंभटांबरोबर तूही गावाबाहेर!”

बाळंभटांनी डोळे मिटले. सारजाने पदर खोचला.

“सरकार, उत्तर देते. पण आधी एक विचारू?”

“विचार!”

“आपल्या वाड्याचा मोठा दरवाजा बंद असतो की उघडा?”

“हा काय प्रश्न झाला? उघडा असतो!”

“मग मी रोज मागच्या मोरीशेजारून का येते?”

राजे गडबडले. “अगं, तो... तो तुमच्यासाठी बंद असतो.”

“आणि राणीसाहेबांच्या भाऊरायांसाठी?”

“त्यांना उघडा!”

“झालं तर! वारा म्हणजे आपले मेहुणे आणि मोहरी म्हणजे मी. फट आपल्या दरवाजासारखीच आहे, सरकार. आता बंद की उघडी, ते आपणच सांगा!”

प्रधानजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. आणि मग राणीसाहेबांचे भाऊच फिस्सकन हसले! त्यांच्यामागून हैबतराव असे हसले की पोट धरून बुंदीच्या परातीवरच बसायचे, बाळंभटांनी वेळेवर सावरलं.

“जिंकलीस, पोरी!” राजे डोळे पुसत म्हणाले. “बाळंभट कुठेही जायचे नाहीत. आणि आजपासून मुदपाकखान्याची मुखत्यारी तुझी!”

त्यांनी बोटातली अंगठी काढून सारजाच्या हातावर ठेवली आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, “अरे ए! सारजाबाई निघाल्या. मोठ्या दरवाजाचे दोन्ही पल्ले उघड!”