झाकणावरचं मॉडेल

"...पण चाचा, ह्यात विचार करण्यासारखं आहे काय?"

ऋतुराजची बोटं लॅपटॉपवर होती. मिरजेतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानात, दस्तगीरचाचांच्या हाताखाली, त्याला दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या महिन्यापासून त्याला सगळं येत होतं.

लॅपटॉप सुमेधाचा. ती समोरच्या स्टुलावर बसली होती. नव्या सुनेनं बसावं तशी, अर्ध्या स्टुलावर.

काल सिस्टीम अपडेट झाली आणि तेव्हापासून दर पाच मिनिटांनी पडदा काळा होत होता. आज चार वाजता त्याच पडद्यावर कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. ही जागा हुकली तर नोकरीचं पुढच्या वर्षी बघायचं, असं घरात ठरलं होतं. ठरत होतं तेव्हा ती आत चहा गाळत होती.

"सिस्टीम नवी, बोर्डातलं फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, जुनं. दोघांचं जमत नाही," ऋतुराज तिला म्हणाला. "नवं फर्मवेअर चढवलं की झालं. दहा मिनिटं, वहिनी."

पडद्यावर एक चौकट उघडली होती. मॉडेल जुळत नाही. तरीही पुढे जायचं?

"हे असं विचारतच असतं," म्हणत त्याचं बोट 'हो'कडे निघालं.

चाचांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मॉडेल कुठून घेतलंस?"

"खालच्या झाकणावर छापलंय की. स्वतः वाचलं."

"मग बरोबर. मुलाखत झाकणालाच द्यायचीय."

"म्हणजे?"

"झाकण कुणाचं?"

"ह्याचंच..."

तो थांबला.

सुमेधालाही आठवलं. लग्नाच्या सामानात समईखाली सापडून जुनं झाकण तडकलं होतं. तीन महिन्यांपूर्वी ह्याच ऋतुराजनं एका मोडीतल्या लॅपटॉपचं झाकण काढून तिथं बसवलं होतं. कुणाला कळणारसुद्धा नाही, म्हणाला होता. खरंच कळलं नाही. त्यालाही.



ऋतुराजनं 'नाही' दाबलं. लॅपटॉप बंद केला, उलटा केला, झाकण खोललं. बोर्डावरचा नंबर वेगळाच होता.

त्या नंबराचं फर्मवेअर शोधून चढवेपर्यंत अडीच वाजले. मग तिघंही पडद्याकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली...

पडदा उजळच राहिला.

सुमेधा आता पुऱ्या स्टुलावर बसली होती.

"चाचा," ऋतुराज म्हणाला. आवाज खाली आला होता. "मघाशी मी 'हो' दाबलं असतं, तर?"

शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत चाचांनी लॅपटॉपकडे मान केली.

"तर ह्यानं पुन्हा कधीच काही विचारलं नसतं."