मागच्या दाराचे गज

फार पूर्वी ओढ्याकाठच्या बांधात उंदरांची वस्ती होती. तिथली तुरी नावाची उंदरीण दूरच्या डोंगरातल्या साळिंदरांकडून गज घडवायला शिकून परतली. वस्ती आपल्याला ओवाळेल, असं तिला वाटलं होतं. दिसली ती फोडलेली बिळं आणि घुशीने पिल्लं नेलेल्या आया.

तुरीने बाभळीच्या काट्यांचे गज गुंफले आणि त्यांना बिब्ब्याचं तेल चोपडलं. दात लावला की तोंडाला फोड येणार. पुढच्या दाराला तिने आतून उघडायची खुंटी ठेवली. मागची पळवाट मात्र नुसत्या भुसभुशीत मातीने बुजवायची, अशी जुनी रीत होती.

“घूस इथूनच शिरते, भागामावशी,” म्हणत तुरीने तिथे बिनखुंटीचे गज ठोकले.

“मग आम्ही पळायचं कुठून गं?”

“पळायची वेळच येणार नाही.”

“आमची आजी अडाणीच मेली बाई, पण बिळात नाही मेली.”

घूस तोंड भाजून निघून गेली. वस्तीने तुरीला खरंच ओवाळलं.

आठ दिवसांनी भरदुपारी ओढ्याला लोंढा आला. सगळे शेतात होते. आपल्या बिळात फक्त भागामावशी आणि तिची चार नातवंडं होती, आणि पाणी पुढच्या दारातूनच आत घुसलं. तुरीने धावत येऊन मागचे गज दातांनी ओढले. एक गज हलायच्या आत बीळ पाण्याने भरलं. नातवंडांसकट मावशी मागच्या गजांशीच मेलेली सापडली, तोंडभर फोड आलेली.

दुसऱ्या सकाळी तुरीने वस्तीतले सगळे मागचे गज उकरून काढले. आतून खुंटी असलेले नवे गज तिने आधी आपल्याच बिळाच्या मागच्या दाराला बसवले. मग ती आत जाऊन बसली आणि सुजलेल्या तोंडाने मावशीच्या सुनेला म्हणाली, “वहिनी, पुढून पाणी सोडा.”